शेडचा पडदा

ओतूरच्या पुढं आमचं घर. दारात जीपसाठी बांधलेली पत्र्याची शेड होती. जीप विकल्यावर मालकांनी तिथं वेल्डिंगचं मशीन आणून ठेवलं. मालक म्हणजे माझा नवरा. त्यांचं नाव घ्यायची मला सवय नाही, तर इथं कशाला घेऊ? साल दोन हजारच्या आसपासचं असेल. तेव्हा आमच्या भागात बिबट्यानं उच्छाद मांडला होता. आम्ही त्याला वाघच म्हणतो. आज ह्याची शेळी, उद्या त्याचं वासरू. ज्याला त्याला गोठ्याला लोखंडी दार पाहिजे, आणि तेही आजच्या आज. लोक अँगल आणून टाकायचे आणि जाताना बजावायचे, "भाऊ, दिस मावळायच्या आत बसलं पायजे बरं का."

समोरच्या घरात माझ्या चुलत सासूबाई राहायच्या. ओट्यावर लसूण सोलत बसायच्या आणि आमच्या शेडकडं टक लावून बघायच्या. एका सकाळी त्या आमच्या दारात आल्या त्या रडतच. डोळे लालभडक, पाण्याची धार लागलेली.

"डोळ्यात वाळू वतल्यावानी झालंय गं बाई! त्या निळ्या उजेडानं माझं डोळं खाल्लं."

मी बटाट्याच्या थंड चकत्या ठेवल्या. हळूहळू उतरलं, पण तोवर त्यांनी आळीभर बोंब केली होती. मालक म्हणाले, "आता पडदाच लावू. म्हंजी कुणाला तरास न्हाई."

पडद्याचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. आधी जुनी सुती साडी लावली, तर ठिणग्यांनी तिची पार चाळण झाली. मग कांद्याची बारदानं एकाला एक जोडून शिवली, तर ती धुमसायला लागली. मी बादलीभर पाणी ओतलं आणि तोंडाचा पट्टा सोडला, "लोकांच्या गोठ्याला दारं करता करता आपलं घर पेटवा आता!" शेवटी मालकांनी मंचरहून ट्रकची जुनी ताडपत्री आणली, चांगली जाडजूड. ती शिवताना माझी बोटं सोलली. शेडच्या तोंडाला आडवा पाईप, त्यात कड्या, खाली वारा खेळायला वीतभर फट. पडदा ओढला आणि सासूबाईंच्या ओट्यावरचा निळा उजेड गेला. मला लई समाधान वाटलं.

पडदा नव्हता तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला मालक दिसायचे. वेल्डिंग करताना तोंडापुढं काळी काच धरायची असते. पण ती धरली की वेल्डिंगची काडी कुठं टेकवायची ते दिसत नाही, आणि एक हात अडकतो. म्हणून नुसता टाका मारायचा असला, म्हणजे दोन तुकडे जागच्या जागी धरून ठेवण्यापुरता एक ठिपका, की हे काच बाजूला ठेवायचे. मी खिडकीतून ओरडायचे, "अहो, काच!" मग तोंड वाकडं करून ती हातात घ्यायचे. आता खिडकीतून नुसती ताडपत्री दिसायची. तिच्या कडेनं उजेड लपलपायचा आणि चर्र चर्र आवाज यायचा. मी विचारायचे, "काच धरलीय ना?"

"धरलीय गं माझे आई!" आतून उत्तर यायचं.

मग त्यांच्या कपाळाची सालं निघायला लागली. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे ऊन लागलं. सावलीत काम करणाऱ्या माणसाला ऊन लागतं होय? जेवताना भाकरीचा तुकडा कालवणाच्या वाटीशेजारी ताटातच टेकवायचे. माझ्याकडं बघायचे ते मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून. मी चिडवायचे, "असं तिरकं काय बघताय? नवं लगीन झालंय का आपलं?" ते हसून सोडून द्यायचे.

एक दिवस चहा घेऊन गेले आणि न विचारता पडदा बाजूला केला. हे वाकून टाके मारत होते, टक्क उघड्या डोळ्यांनी. काच खिळ्याला टांगलेली, आणि तिच्यावर कोळ्यानं जाळं केलेलं. असा संताप आला की कप तिथंच आपटला.

"खोटं बोलत व्हता माझ्याशी?"

"अगं, टाक्यापुरतं काय हुतंय?" ते म्हणाले. "आणि आता पडदा हाय की!"

मी दुसऱ्याच दिवशी त्यांना मंचरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी थेंब घातले, अंधार करून बारीक उजेड टाकला, बराच वेळ बघितलं. म्हणाले, "पडद्याला इजा झालीय. मधोमध."

मालक घाईघाईनं म्हणाले, "न्हाई सायेब, कुठं फाटलेला न्हाई. चांगला जाड ताडपत्रीचा हाय. हिनंच शिवलाय."

मला हसूच येणार होतं, पण डॉक्टर हसले नाहीत. "तो नाही हो. डोळ्याच्या आत पडदा असतो. समोरचं चित्र त्याच्यावर उमटतं. तो शिवता येत नाही."

"एकाच डोळ्याचा ना?" मी विचारलं.

"दोन्ही."

मी विचारलं, परत पहिल्यासारखं दिसंल ना? ते म्हणाले, गेलं ते बहुतेक येणार नाही. मग त्यांनी मला मालकांच्या समोर उभं केलं आणि म्हणाले, "सरळ बघा त्यांच्याकडं. काय काय दिसतं सांगा."

"पदर दिसतोय. कानातलं दिसतंय. अंबाड्यातलं फूल बी दिसतंय," मालक म्हणाले. "मधी जरा धूर धरल्यावानी वाटतंय. बाकी झ्याक."

समोर उभी राहून मी घळाघळा रडत होते, आणि हे माझ्याकडं बघून हसत विचारत होते, "का गं, गेला का राग?"