घाणेरीचा ओला डहाळा

आगीतलं आपल्याला सगळं कळतं, असं माझ्या बाबांना शेवटपर्यंत वाटायचं. गेल्या वर्षी ते गेले. माणूस गेल्यावर चांगलंच बोलावं म्हणतात, पण मला नाही जमत.

आम्ही काशीमीऱ्याला डोंगराच्या पायथ्याशी चाळीत राहायचो. मागे कमरेएवढं सुकं गवत, त्यात माजलेली घाणेरीची झुडपं आणि जरा वर एका आदिवासी म्हातारीची कुडाची झोपडी. आमचं गाव रत्नागिरीकडचं. तिकडे पावसाआधी शेत भाजतात आणि आग बांधाबाहेर सरकली की ओला डहाळा तोडून ती झोडपतात. त्या उन्हाळ्यात बाबांच्या डोक्यात आलं, चाळीला वणव्याचा धोका नको, मागचं गवत आपणच जाळून टाकू. म्हातारीला कळलं तशी ती खाली आली. "घाणेरी हाय थं, लावू नको. ती वलीपण पेटते, पानात त्याल हाय तिच्या."

ती गेल्यावर बाबा मला म्हणाले, "आता ही मला शिकवणार! अगो, हिरवं कधी जळतं होय?"

सकाळी वारा पडलेला बघून त्यांनी काडी लावली. मी बादली घेऊन शेजारी उभी. दहाच्या सुमारास वारा सुटला आणि आग घाणेरीत शिरली. बाबांनी हाताला लागला तो डहाळा ओरबाडला, तोही घाणेरीचाच, आणि लागले झोडपायला. तो तडतडत त्यांच्या हातातच पेटला. हात भाजला तसा त्यांनी तो भिरकावला, नेमका वरच्या अंगाला. म्हातारी शेळी ओढत कशीबशी बाहेर पडली. झोपडीची राख झाली. आमच्या चाळीला मात्र धगसुद्धा लागली नाही हो!

संध्याकाळी जंगलाचा रखवालदार चौकशीला आला. "इसके चूल्हे से लगी होगी, साहब," शेजारी म्हणाले.

"चुलीतून लागली असेल, तर परत इथे झोपडी बांधता येणार नाही," रखवालदाराने म्हातारीला बजावलं.

ती माझ्याकडे वळली. "सांग ना पोरी, तू व्हतीस ना थं?"

बाबा भाजलेला हात पाठीमागे धरून उभे होते. मी एकोणीस वर्षांची होते, काही कुक्कुलं बाळ नव्हते. आजही बाबांचा संताप येतो, पण त्याहून जास्त स्वतःचा.

"मी कॉलेजला गेले होते," मी म्हणाले.