न कळवता जायचं

ते घर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथे कसलाच वास नव्हता, आणि मला नेमकं तेच खटकलं. सात म्हातारी माणसं जिथे राहतात तिथे लघवीचा नाही तर औषधांचा, निदान बामचा तरी वास यायला हवा. माझ्या घरी एकच म्हातारा होता, तरी दार उघडलं की यायचा. मी येणार म्हणून सगळं घासून ठेवलंय, असं मनात म्हटलं आणि चहा न घेताच निघाले.

बोरिवलीतल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरचे दोन फ्लॅट, मधली भिंत काढून एक केलेले. चालवणाऱ्या बाई सरकारी हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांना तिथे सगळे सिस्टरच म्हणायचे. खिडकीजवळच्या पलंगावर त्यांची स्वतःची आई होती. हे त्यांनी मला पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं. मला वाटलं, ही जाहिरात. बघा, मी माझ्या आईलाही इथेच ठेवलंय, असं दाखवायला बरं पडतं.

बाबांना अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. उजवी बाजू लुळी, बोलणं जड. आयुष्यभर गिरणीत उभं राहिलेला माणूस. गिरणी बंद पडल्यावर गोरेगावात वॉचमनची नोकरी केली, तिथेही उभाच. आता त्यांना उभं करायला दुसरं माणूस लागायचं. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, भाऊ पुण्याला. म्हणजे घरात बाबा आणि मी, आणि मी सकाळी आठला अंधेरीला ऑफिसात जाणार ते संध्याकाळी सातला येणार. दिवसभरासाठी एक बाई ठेवलेली असायची. त्या बायका बदलत राहिल्या. शेवटची एके दिवशी अकरा वाजता 'जरा खाली जाऊन येते' म्हणून गेली ती आलीच नाही. मी सातला आले तेव्हा बाबा बाथरूमच्या फरशीवर बसलेले होते. आठ तास. नळाखालची बादली जवळ ओढून ते त्यातलं पाणी प्यायले होते.

त्या दिवसापासून मी कोणावरही विश्वास ठेवणं सोडलं. आणि त्याच दिवशी हेही कळलं की बाबांना आता घरी ठेवता येणार नाही.

भावाचं म्हणणं होतं, मोठ्या ठिकाणी ठेव. "कॅमेरे असतात गं तिथे. फोनवर बसल्या जागी बघता येतं." म्हणून मुलुंडच्या पुढचं एक मोठं ठिकाण बाबांना घेऊन पाहून आले. चार मजले, लिफ्ट, डॉक्टर चोवीस तास, प्रत्येक पलंगाला नंबर. सगळं कागदावर. तिथली मुलगी माझ्याशी बोलत होती आणि बाबांना "पेशंट" म्हणत होती. बाबा तिच्या समोर व्हीलचेअरवर. "पेशंट स्वतः जेवतो का?" तिने मला विचारलं. बाबा म्हणाले, "जेवतो." तिने पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी "हो" म्हटल्यावर तिने लिहून घेतलं.

बोरिवलीला डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार. रात्रीला एकच बाई. लिफ्ट नाही, पण तळमजला. कॅमेरे नाहीत. ते का नाहीत, हे मी दोनदा विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "ताई, इथे ह्यांचे कपडे बदलतात, अंग पुसतात. ते तुम्ही ऑफिसात बसून बघणार? आणि बाकीच्या सातांचं?" उत्तर बरोबर होतं. पण लपवायचं असेल तर माणूस हेच उत्तर देईल, असंही वाटलं.

मी दुसऱ्यांदा न कळवता गेले, मंगळवारी दुपारी. या वेळी वास होता. बोंबील तळल्याचा, आणि त्याच्या खाली थोडा लघवीचाही. एक आजोबा बनियनवर पेपर वाचत होते. बाबांच्या वयाची एक बाई पाय पसरून लसूण सोलत होती. मला आधी ती कामवाली वाटली, मग कळलं ती तिथेच राहणारी. सिस्टर मला बघून दचकल्या नाहीत. मला जरा वाईटच वाटलं की त्या दचकल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात बाबांना तिथे सोडलं.

पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की मी कधीही गेले तरी बाबा झोपलेले. साडेअकराला झोपलेले, तीनला झोपलेले. घरी सुट्टीच्या दिवशी मी बघायचे, दुपारी ते डोळाही मिटत नसत. भावाला फोन केला.

"गोळ्या देत असतील रे झोपेच्या. म्हणजे कटकट नको."

"विचार ना सरळ."

"विचारलं तर सांगणार आहेत का?"

मी बाबांच्या औषधांच्या पट्ट्या मोजल्या. बरोबर होत्या. म्हणजे दुसरीकडून देत असतील. चहातून देत असतील. मी एकदा त्यांचा चहा पिऊन बघितला. साखर जास्त होती, बाकी काही नाही.

मग तो डाग दिसला. डाव्या दंडावर, कोपराच्या वर, वाटीएवढा काळानिळा. मी सिस्टरना बोलावलं. त्या म्हणाल्या, "पलंगाच्या दांडीला लागलं असेल. रात्री कूस बदलताना." बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, चादर नीट करत होत्या. बाबांना विचारलं. ते भिंतीकडे बघून म्हणाले, "दांडी लागली."

दोघांचं वाक्य एकच. मला खात्रीच पटली. त्यांना धाक घातलाय.

त्यानंतर मी जे केलं ते मला आजही पूर्ण चूक वाटत नाही. माझा जुना फोन मी पूर्ण चार्ज केला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि शनिवारी सकाळी बाबांच्या उशाशी कपड्यांच्या खणात, स्वेटरच्या घडीत ठेवला. संध्याकाळी "फोन विसरला वाटतं" म्हणत जाऊन घेऊन आले.

रविवारी सकाळी कानात इयरफोन घालून ऐकत बसले. टीव्ही. कुकरच्या शिट्ट्या. कोणी आजी आपल्या मुलाला एकसारखी हाक मारत होती, आणि दर वेळी कोणीतरी "येतोय, येतोय" म्हणत होतं. मी पुढे पुढे पळवत होते. मला ओरडण्याचा, मारण्याचा आवाज हवा होता. हवा होता म्हणजे, त्यासाठीच मी ऐकत होते.

दोनेक तासांनंतर बाबांचा आवाज आला. मालवणीत. तिथे दिवसपाळीला एक देवगडकडची बाई होती, तिच्याशी बोलत होते. माझ्याशी ते 'हो', 'नाही', 'पाणी' एवढंच बोलायचे; मला वाटायचं तेवढंच जमतं. इथे ते अडखळत, थांबत, पण पुरी वाक्यं बोलत होते.

ती माझ्याबद्दल म्हणत होती, "आजोबा, तुमच्या चेडवाक सांगूक व्हया. त्या दिवशी सिस्टर खोटा बोलली, तिका बरा नाय वाटला."

आणि बाबा म्हणाले, "नको गो. मी पडलंय ता सांगलास तर ती माका घराक घेवन जातली. थंय दिवसभर दाराकडे बघत रवाचा लागता."

मी ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा इयरफोन काढून स्वयंपाकघरात गेले आणि काही कारण नसताना भांडी घासायला घेतली.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बोरिवलीला गेले. सिस्टर स्वयंपाकघरात होत्या. मी म्हटलं, "बाबा पडले होते. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

त्यांनी विचारलं, "कोणी सांगितलं?"

मी फोन दाखवला. त्यांनी गॅस बंद केला, दार लोटलं आणि अगदी हळू आवाजात बोलल्या. "कधी ठेवला होतात?"

"शनिवारी."

"शनिवारी दुपारी माझ्या आईला आम्ही पलंगावरच साफ केलं. ती रडत होती. तेही ऐकलंत?"

ऐकलं होतं, आणि पुढे पळवलं होतं. ती सिस्टरची आई होती हे मला माहीत नव्हतं.

"खोटं बोलले, ती माझी चूक," त्या म्हणाल्या. "सांगू नका म्हणत आजोबांनी माझा हात धरला तो सोडला नाही. कमोडवरून एकटेच उठायला गेले. हाड तपासलं, डॉक्टरांना फोनवर विचारलं, सगळं केलं. फक्त तुम्हाला सांगितलं नाही. नोकरीत असताना असं केलं असतं तर मला घरी बसवलं असतं. पण तुम्ही केलंत ते काय? इथे आठ माणसं राहतात ताई. तुमचे एकटे बाबा नाहीत."

"आणि झोप? दिवसभर झोपलेले असतात ते."

"पाणी पाच वाजता येतं आणि पावणेसातला जातं. तेवढ्यात आठ आंघोळी उरकायच्या. साडेचारला उठवतो सगळ्यांना. दुपारी झोपणार नाहीत तर काय करतील?"

इतकं साधं. आणि साधं असूनही मला ते पटलं नाही. आयुष्यभर पहाटेच्या पाळ्या केलेल्या माणसाला ऐंशीव्या वर्षीही नळाच्या वेळेवर उठवायचं? मी तसं बोलले. त्या म्हणाल्या, मोठ्या टाकीला सोसायटी परवानगी देत नाही. मग आमचं ठरलं की बाबांना एक दिवसाआड संध्याकाळी साठवलेल्या पाण्याने अंग पुसायचं आणि त्या पहाटे झोपू द्यायचं. आणि कोणीही पडलं, लागलं, तर बाबा काहीही म्हणोत, तासाभरात मला फोन. त्या म्हणाल्या, "आणि तुमचा फोन तुमच्या पर्समध्ये. पुन्हा सापडला तर आजोबांना त्याच दिवशी घेऊन जायचं." मी हो म्हटलं. मला तेव्हा भीती वाटली, त्या खरंच तसं करतील याची.

मग बाबांजवळ जाऊन बसले. ते जागे होते. मी विचारलं, "बाबा, घरी यायचं नाही तुम्हाला?"

मग माझ्याशी, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा, ते मालवणीत बोलले. आम्हां भावंडांशी ते कायम शहरातलं बोलायचे, आम्ही शाळेत मागे पडू नये म्हणून.

"घर चांगला आसा. पण तू सांजेक सात वाजता येतंस. इलंस की पयली औषधा मोजतंस, मगे बाथरूम बघतंस. माका बघूचा रवान जाता."

समोरच्या आजोबांनी पेपर खाली केला होता, तो पुन्हा वर घेतला.

त्यानंतर पाच महिन्यांनी, एका बुधवारी सकाळी सव्वाअकराला सिस्टरचा फोन आला. बाबा पुन्हा पडले होते, या वेळी मनगट. मी पोचेपर्यंत त्यांनी रिक्षाने नेऊन एक्स-रेही काढून घेतला होता. बारीक चीर होती, प्लास्टर लागलं. डाव्या हाताला, म्हणजे चालणाऱ्या हाताला. सहा आठवडे त्यांना तिथली कोणी ना कोणी भरवत होती. त्यात ती लसूण सोलणारी बाईही होती. तिचं ते कामही नव्हतं.

संध्याकाळी भावाने विचारलं, "आता तरी विश्वास बसला का?"

"नाही," मी म्हटलं. "सिस्टरनी फोन केला तो खरेपणाने केला की माझ्या भीतीने, मला काय माहीत."

"मग हलवू या का?"

"नको. त्यांना तिथेच राहायचंय."

खरंच तसं आहे. बाबा तिथे बोलतात. दोन वर्षं होत आली. आता मी गेले की आधी पाच मिनिटं नुसती बसते. मग औषधं बघते. ते सुटलेलं नाही, सुटणारही नाही. गेल्या आठवड्यात रात्रीला नवीन बाई आलीय. आधी कुठे होती, तिथून का सुटली, हे विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "चांगली आहे, बघाल तुम्ही." येत्या गुरुवारी रात्री जाणार आहे, न कळवता; शुक्रवारी अर्धा दिवस टाकलाय.