सौर गाडीच्या परीक्षकांना ऊन सोसेना

भोकरदनच्या आईबापांनो, आपली लेकरं जीव ओतून प्रयोग करतात आणि परीक्षक ते धड चालवूनही बघत नाहीत. याची चीड फक्त मलाच येते का?

आज शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात माझी पुतणी सानिका सौर गाडी घेऊन गेली होती. गाडीला तिने जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर लावली होती. खेळण्यातली मोटर सेलवर सुसाट फिरते, पण तिला करंट फार लागतो. तेवढा छोट्या सौर पॅनेलमधून येत नाही. दोन्ही मोटरी उन्हात लावून बघूनच तिने ही निवडली होती.

परीक्षकांनी मात्र हॉलमध्येच सगळ्या गाड्यांच्या मोटरी सेल जोडून फिरवल्या.

"पोरी, तुझी मोटर आवाजच करत न्हाई. दम न्हाई हिच्यात."

"सर, बाहेर चला ना. उन्हात पळवून दाखवते."

"येडी का तू? बाहेर ऊन किती हाय!"

सौर गाडीची स्पर्धा, आणि उन्हाच्या भीतीने परीक्षक पंख्याखालून हलेनात! सगळ्यांत मोठ्याने घरघरणाऱ्या गाडीला त्यांनी पहिला नंबर दिला. नंतर पोरांनी ती आणि सानिकाची, अशा दोन्ही गाड्या मैदानात उन्हात ठेवल्या. पहिली आलेली जागची हलली नाही. सानिकाची थेट कुंपणाला जाऊन धडकली. मी परीक्षकांना बोलावलं, तर म्हणाले, "निकाल लागला आता."

घरी येताना सानिकाने विचारलं, "काका, पुढच्या वेळी आवाजाची मोटर लावू का?"

हेच शिकवायला शाळेत पाठवतो आपण?

उद्या सकाळी बक्षीस वाटपाआधी शाळेत या आणि परीक्षकांना तोंडावर सांगा: आधी गाड्या उन्हात पळवा, मगच बक्षीस द्या.