तीन तास बसण्यासाठी

कॉलेजच्या पहिल्या वर्षी इतिहासाचा पेपर मी अर्धा टाकून उठले. उत्तरं येत होती, पण बसवत नव्हतं. दोन तास झाले आणि कमरेतून अशी कळ निघाली की पायाची बोटं बधिर झाली. पर्यवेक्षकांना वाटलं, पोरीनं अभ्यास केला नाही. मला त्यांना खरं सांगता आलं नाही.

खरं कारण त्या दिवाळीतलं होतं. सुट्टीत मी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेले होते. ट्रकला लावलेल्या फळीवरून डोक्यावर उसाची मोळी घेऊन चढताना पाय सरकला आणि मी कमरेवर पडले. उठून पुढची मोळी घेतली, कारण ट्रक भरायचा होता. सगळेच असं करतात, त्यामुळे आपण काही वेगळं केलं असं वाटलं नाही.

तो पेपर पुढच्या मार्चमध्ये पुन्हा द्यायचा होता. वडील रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ह्या बारीला न्हाई जमलं तर मग पुढच्या हंगामाला कोयता धर, बाई. हितं बीडात खोली करून ऱ्हायचं मग कावून?" त्यांचं चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. म्हणजे सगळं तीन तास बसता येण्यावर आलं होतं. बीडच्या डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला, हाडाला काही नाही म्हणाले, आणि सांगितलं, "योगा लाव कुठंतरी."

कुठंतरी म्हणजे कुठं, हे मला माहीत नव्हतं. योगा एकच असतो असं मी समजत होते.

आधी मी मैदानावरच्या फुकट शिबिरात गेले. पहाटे शंभरेक माणसं सतरंज्या घेऊन यायची. लाउडस्पीकरवरून आवाज यायचा आणि आम्ही पोटाला झटके देत श्वास सोडायचो. शेजारच्या एका काकांची सर्दी त्यानं गेली होती, ते रोज सगळ्यांना सांगायचे. मला मात्र प्रत्येक झटका कमरेत लागायचा. विचारायला स्टेजपर्यंत जायचा धीर झाला नाही. शिवाय त्या वर्षी पाऊस झालेलाच नव्हता. आमच्या गल्लीत टँकर पहाटेच यायचा, आणि शिबिर धरलं तर घागर रिकामी राहायची. आठवडाभरात ते सुटलं.

मग मैत्रिणीनं तिच्या क्लासला नेलं. मेन रोडला कपड्याच्या दुकानावरच्या मजल्यावर तो होता. भिंतभर आरसे, रबराच्या रंगीत मॅट, आणि आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे असलेले सर. तिथं सूर्यनमस्कार न थांबता घालायचे. सर टाळ्या वाजवत म्हणायचे, "अजून एक! अजून एक!" बाकीच्या मुली मध्येच बसायच्या. मी बसायचे नाही. एक दिवस सरांनी सगळ्यांना थांबवून माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्याकडं बघा जरा. एकदा तरी बसली का?"

मला कुणी असं चारचौघांत कधी चांगलं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मी चार जास्तीच घातले. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठायला भिंत धरावी लागली, आणि तरी संध्याकाळी पुन्हा गेले.

त्याच क्लासमध्ये सरांनी एकदा सांगितलं, उद्या शीर्षासन करू, डोक्याखाली घ्यायला काहीतरी आणा. दुसऱ्या दिवशी टँकर संध्याकाळी आला, घागर खोलीवर ठेवून मी तशीच गेले, पिशवीत चुंबळ होती. आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून केलेली, घागरीखाली डोक्यावर ठेवायची. डोक्याखाली घ्यायचं म्हणजे चुंबळच असणार, असंच मला वाटलं. मी ती मॅटवर ठेवली, तर बाकीच्यांनी उशा आणि घडी घातलेल्या चादरी काढल्या होत्या.

"अगं, हंडा कुठाय तुझा?" एक मुलगी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मैत्रीणही हसली. मीही हसले. पण परत तिकडं गेले नाही.

आईला फोनवर थोडं सांगितलं. ती तेव्हा ऊसतोडीला, कारखान्याच्या तळावर होती.

"वाकायला क्लास लागतो व्हय गं?" ती म्हणाली. "इकडं ये की. दिसभर वाकशील, अन् गाडीबी भरून हुईल."

"आई, कंबर दुखती म्हणून जातीय."

"ठाव हाय बाई. गंमत केली." मग तिनंच विचारलं, "लई दुखतंय का?"

"न्हाई," मी म्हणाले.

तिसरा क्लास टँकरच्या रांगेतच सापडला. माझ्यापुढं उभ्या असलेल्या एक बाई मला घागर उचलताना बघत होत्या. म्हणाल्या, "तू उचलताना श्वास कोंडतेस. कुठं पडली होतीस का?" त्या सहकारी दूध संस्थेत फॅट तपासायच्या, आता निवृत्त झाल्या होत्या. संस्थेच्या संकलन केंद्रात संध्याकाळी पाच-सहा बायकांना आसनं शिकवायच्या. केंद्र रिकामंच असायचं. चाऱ्याअभावी लोकांनी जनावरं छावणीत नेऊन बांधली होती, कुणी विकली होती. जे दूध यायचं ते सकाळीच संपायचं.

शहाबादी फरशी, कडेला पालथे घातलेले कॅन, आंबट वास. मॅडम पेंडीची रिकामी पोती घडी करून गुडघ्याखाली द्यायच्या. पाय उचलायला वासराचं दावं द्यायच्या, तळव्यात अडकवून हातानं ओढायचं. पाच मिनिटं एकाच आसनात राहायचं. मला पहिल्या दिवशी वाटलं, इथं काही होतच नाही.

त्यांनी माझी चुंबळ पाहिली. मी ती पिशवीत ढकलत होते.

"ती दे इकडं," त्या म्हणाल्या. चुंबळ सोडून पट्टी सरळ केली, घट्ट गुंडाळी केली आणि मला उताणं झोपवून कमरेच्या पोकळीत सरकवली. "लागतंय?"

"नाही."

"खरं सांग."

"थोडं. पण चालतंय."

"चालवून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "मला चालवून घेणारी पोरगी नको. दुखायला लागायच्या आधी जी हात वर करील, तिला मी शिकवीन."

मला वाटलं सोपं आहे. पण दुखायच्या आधीची वेळ मला ओळखताच येईना. माझा हात नेहमी उशिरा वर जायचा. मॅडम नुसत्या मान हलवायच्या. बाकीच्या बायका चेष्टा करायच्या, "हिचा हात टँकरवानी येतो, कवातरी." तिथं हसलेलं मला लागत नव्हतं, का ते माहीत नाही. कदाचित त्यांचेही हात उशिराच जात होते. ज्या न थांबण्याला सरांनी शाबासकी दिली होती, तीच माझी खोड होती, हे कळायला जानेवारी संपला. एका संध्याकाळी कळ यायच्या आधी, नुसतं कमरेत काहीतरी जड झालं, आणि मी हात वर केला. मॅडमनी पाहिलं. येऊन गुंडाळी काढून घेतली.

मार्चमध्ये पेपरला बसले. दीड तास झाला आणि ते जडपण आलं. वर्गात सगळ्यांची पेनं चालली होती. अशा वेळी पेन खाली ठेवणं किती अवघड असतं, हे मला लिहून सांगता येणार नाही. मी ठेवलं. परवानगी मागून बाकाशेजारी उभी राहिले, श्वास सोडला.

पर्यवेक्षक मॅडम जवळ आल्या. "झाला का पेपर?"

"नाही मॅडम. अजून लिहायचाय."

त्यांनी घड्याळाकडं आणि माझ्याकडं पाहिलं आणि पुढं गेल्या. मी बसले. पुढं आणखी एकदा उठले. शेवटच्या प्रश्नाचे दोन मुद्दे राहिले, पण घंटा झाली तेव्हा मी बाकावर होते.

संध्याकाळी आईचा फोन आला. "बसलीस का समदा येळ?"

"बसले. मधी दोनदा उठले."

"अन् मग?"

"परत बसले."

तिकडं एक ट्रॅक्टर आवाज करत पुढं गेला. मग ती हळूच म्हणाली, "मलाबी सांग बरं काय करतेत ते. माझीबी कंबर..." हे तिनं याआधी कधी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं: चुंबळ सोड, गुंडाळी कर, कमरेखाली घे, उताणी पड.

"दिसाढवळ्या पडले तर बाया म्हणतील, बिमार झाली."

"संध्याकाळी पड मग. आन् दुखायच्या आधी उठ."

"दुखायच्या आधी?" ती हसली. "तसं उठायचं आसतं तर आमी कवाच उठलो असतो की गं."

गुंडाळी किती जाड करायची, तेवढं मी तिला पुन्हा सांगितलं. पेपर मी पास झाले. त्या संध्याकाळी आई गुंडाळी घेऊन पडली की नाही, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.