खिचडीतली पाल आणि पंगतीची बातमी

आमच्या मानवत तालुक्याच्या पत्रकारांत एक रीत आहे. तिला मी पंगतीची बातमी म्हणते. एकानं रांधायची, ग्रुपवर टाकायची आणि बाकीच्यांनी आपापल्या पेपरला आपल्या नावानं वाढायची. सभा, सत्कार, कापसाचा भाव असल्या बातम्यांना ही रीत चालून जाते.

त्या दिवशी सकाळी ग्रुपवर एक व्हिडिओ आला. ताटात खिचडी, खिचडीत पाल, भोवती पोरांचा गलका. खाली आमच्याच तालुक्यातल्या एका गावाचं नाव आणि मजकूर: शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईला हाकला. माझा चहा गार व्हायच्या आत आमच्यातल्या एका भाऊंनी बातमीसुद्धा रांधून टाकली, 'पालकांत संतापाची लाट'. मी विचारलं, "गावात कोण गेलं होतं?" अंगठे तेवढे आले, जोडलेले हात आले.

ती बाई मला माहीत होती. नवरा गेल्यावर ह्याच कामावर तिनं दोन लेकरं सांभाळली होती. बौद्ध घरातली. तिची नेमणूक झाली तशी गावातली काही पोरं घरून डबा आणायला लागली. कशामुळं ते सगळ्या गावाला ठाऊक, पण बोलत कुणी नव्हतं. आता बोलायला पाल मिळाली. दुपारी शाळेच्या समितीची बैठक होती. त्याआधी आमची बातमी मोबाइलवर फिरली असती, तर बाईचं काम गेलंच म्हणून समजा.

मागं परभणीला पत्रकारांसाठी सोशल मीडियाची कार्यशाळा झाली होती. निम्मे जण जेवणापुरते आलेले. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. मी एकच प्रश्न इतक्यांदा विचारला की मागचे खिदळायला लागले. "हसा बाबांनो," म्हटलं, "तुमी आईच्या पोटातूनच शिकून आलात ना!" ती पोरगी मात्र वैतागली नाही. म्हणाली, "मॅडम, आवाज बंद करा. व्हिडिओ थांबवा. माणसं सोडा, मागची भिंत बघा." मी ते पदराला गाठ मारून ठेवलं होतं.

त्या सकाळी तसंच केलं, आवाज बंद केला. थांबवत थांबवत व्हिडिओ बघितला. मागं चकचकीत टाइल्सची भिंत, कोपऱ्यात गॅसची टाकी. ते चित्र इंटरनेटवर शोधायला टाकलं. रेंज येई आणि जाई, मी शिव्या घालत गच्चीवर गेले. शेवटी तोच व्हिडिओ सापडला, फार जुना, भलत्याच राज्यातला, खाली आपल्याला वाचता न येणारी लिपी. ग्रुपवर टाकला, तर बातमी रांधणाऱ्या भाऊंचा फोन.

"ताई, व्हिडिओ जुना असंल. पण आगीबिगर धूर निघतो का?"

अस्सा राग आला मला! "आग तुमीच लावायले अन् धूर मला दाखवायले व्हय?" म्हटलं, फोन ठेवला आणि बस धरली.

शाळेत पोचले तर बाई स्वयंपाकाच्या खोलीच्या पायरीवर बसलेली. "आज शिजवू नका म्हनले सर," ती म्हणाली. "ताई, माझ्या लेकाच्या फोनात बी आलं ते. तो इचारायलाय, आई, खरं हाय का?"

तिच्या हातचं जेवून वाढलेलं पोर, आणि त्यानं हे विचारावं! तिच्या मागं खोलीत नजर गेली. धुरानं काळे पडलेले पत्रे, मातीची चूल, शेजारी सरपण. ह्या शाळेत गॅस कधी आलाच नव्हता. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी फोटो काढले आणि तडक बैठकीत शिरले.

"तुमचं इथं काय काम?" अध्यक्षांनी विचारलं.

"हेच काम हाय माझं." व्हिडिओ थांबवून समोर धरला, शेजारी चुलीचा फोटो. "ह्या शाळेत गॅसची टाकी कुठं हाय तेवढं दाखवा. बाईला काढा म्हणून मीच लिहिते."

कुणी दाखवेना. एकजण पुटपुटला, "तरी पन पोरांचा सवाल हाय..."

"पाल नको असंल तर भांड्याला झाकण द्या," मी म्हटलं. "बाई नको असंल तर कामून नको, ते तोंडानं बोला. मी लिहून घेते."

शेवटी अध्यक्षांनी घसा साफ केला आणि पुढचा विषय घेतला. दुसऱ्या दिवशी चूल पेटली.

भाऊंनी ग्रुपवरची बातमी गुपचूप पुसली. माझी आतल्या पानावर, जाहिरातीच्या बुडाशी आली. गावातले डबे काही लगेच बंद झाले नाहीत, अजूनही येतात काही. पण आता आमच्या ग्रुपवर पंगत बसली की मी आधी विचारते, कोण गेलं होतं? काहीजण मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

काही महिन्यांनी सुट्टीच्या दिवशी सकाळी त्या बाईनंच मला तो व्हिडिओ पाठवला. तीच खिचडी, तीच पाल. गाव मात्र सेलूकडचं, खाली तोच मजकूर: बाईला हाकला. मी चपला घातल्या आणि निघाले. स्टँडवर सेलूची बस लागलेली, आणि आत खिडकीशी ती बसलेली, शेजारच्या जागेवर माझ्यासाठी पिशवी ठेवून.

"तू कशाला आलीस गं? मी जायलेय की."

तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली. "चला बिगीनं," ती म्हणाली. "तिच्या लेकरानं तिला इचारायच्या आदी पोचू."