कापलेले ग्रॅम

“तीन महिने नऊच किलो? साहेब, पोर माझ्या कडेवर असती, तुमच्या मोबाइलात नाय. हलकी झालीय ती.”

शेवंताच्या या आवाजानं अंगणवाडीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, ती थेट शेजारच्या तालुक्यात जाऊन बसली. मला उडता येईना, कारण वजनं भरायचा तो प्रोग्रॅम मीच लिहिला होता. सेविकाताईंनी पोरीला पुन्हा काट्यावर ठेवलं. काटा म्हणाला, नऊ पूर्णांक एक. ताईंनी तेच भरलं आणि जतन होताना त्याचे नऊ झाले. रकाना मी पूर्णांकाचा ठेवला होता. दशांश चिन्हापुढचं सगळं तो निमूटपणे कापत होता. पोर नऊ पूर्णांक नऊपासून झिजत आली असली, तरी पडद्यावर ती जशीच्या तशी होती.

तेव्हापासून ते कापलेले ग्रॅम माझ्या मागे आहेत. जिल्ह्यातल्या सगळ्या पोरांचे मिळून टेकडीएवढं एक बाळ झालंय, आणि ते माझ्या संगणकात रांगतं. बटण दाबलं की कण्हतं. मी थापाड्या म्हणून प्रसिद्ध आहे, पण ही थाप मला रोज ऐकू येते.

त्या दिवशी शेवंता दवाखान्यात निघाली. “किती उतरली, ते डॉक्टर विचारतील. मागचे खरे आकडे द्या.” वजनांची कागदी वही मीच बंद करायला लावली होती. मी ऑफिसात नोंदींचा साठा सांभाळणाऱ्या विद्याला फोन करून ते आकडे शोधायला सांगितले.

ती म्हणाली, “नाहीत. आपण ते ठेवलेच नव्हते.”