एका अर्जात एकच मागणी

वहिनी गेल्याचं मला उशिरा कळलं. पाण्याचा नवा अर्ज सुवाच्य लिहून त्यांच्या सहीसाठी टेकडीवर गेलो होतो, तर दारात त्यांची मुलगी लता उभी. "काका, आईला जाऊन तीन दिवस झाले," म्हणाली. काविळीनं गेल्या... हातातल्या कागदाचं काय करावं तेच मला सुचेना. दीड महिना झाला, तो अजून माझ्या पिशवीतच आहे.

सुमनवहिनी म्हणजे माझ्या गिरणीतल्या दोस्ताची बायको. संपात गिरणी गेली, दोस्तानं अंथरूण धरलं, आणि घाटकोपरच्या टेकडीवर लोकांच्या पोळ्या लाटून वहिनींनी घर चालवलं. त्या वस्तीत बायकांना संडास नव्हता. उजाडायच्या आत उघड्यावर जाऊन यायचं, नाहीतर दिवसभर पोट आवळून बसायचं. लता वयात आली तेव्हा वहिनींनी ठरवलं, हे पोरीच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही. माझं अक्षर बरं, म्हणून अर्ज लिहिणं माझ्याकडे आलं. पहिला अर्ज परत आला, जागा तुमची नाही म्हणून. दुसरा ऑफिसातच हरवला. तिसऱ्या वेळी मी शहाणपणा करून संडासाबरोबर नळ, दिवे, पायऱ्या, सगळं लिहिलं. वहिनींनी ते खोडायला लावलं. "भावजी, एका अर्जात एकच मागणा. दोन मागलंव तर सायब सोपा ता देतलो आन् कठीण ता रवतला."

"पण वहिनी, पाण्याशिवाय संडास चालणार कसा?"

"पयलो संडास होवंदे. पाणी आमी डोक्यार हाडूं."

मी नळही खोडला. भांडायला हवं होतं, पण त्यांच्यासमोर बोलायची माझी टाप नव्हती. मग एक दिवस चाळीस बायका रिकामी डबडी घेऊन वॉर्ड ऑफिसच्या व्हरांड्यात बसल्या. काय पाहिजे, असं साहेबांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "संडास. दुसरं काय नको." आणि खरंच, वर्षभरात सहा संडास उभे राहिले. वहिनींनी दाराशी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं हा आमच्याकडे पुरुषांचा मान, तो त्यांनी कुणाला न विचारता घेतला. "ह्या दाराक कदी कुलूप लागाक नको रे म्हाराजा!" बायका हसत हसत ओरडल्या, "व्हय म्हाराजा!"

पाणी टेकडीखालून आणायचं. उन्हाळा आला, प्यायलाच पुरेना, तिथे ओतणार कोण? संडास तुंबले. कुणी आत सामान भरू नये म्हणून शेवटी वहिनींनीच बाहेरच्या दाराला कुलूप लावलं. बायका पुन्हा उघड्यावर जाऊ लागल्या, लताही. वहिनी मात्र रोज सकाळी कुलूप काढायच्या, कोरडे संडास झाडायच्या, पुन्हा कुलूप लावायच्या. "चूक माझी, भावजी," एकदाच म्हणाल्या. "आता फकत पाणी. दुसरा कायेक लिवा नको." चार वर्षं मी तेवढंच लिहीत राहिलो. एकाही अर्जाला उत्तर आलं नाही. मधे माझं बिऱ्हाड चारकोपला आलं, घरात नळ आला. तो सोडताना मला लाज वाटते.

त्या दिवशी लतानं संडासाच्या कुलपाची, लाल दोऱ्यातली किल्ली माझ्या हातात ठेवली. गेल्या रविवारी झाडू घेऊन गेलो, म्हटलं निदान केर तरी काढू. दाराला कुलूप दुसरंच होतं. फटीतून सिमेंटच्या गोण्या दिसत होत्या. तेवढ्यात टेकडीमागून लता आली, हातात रिकामं डबडं. मला बघून तिनं मान खाली घातली. मीही घातली... किल्ली घरी आणून दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आहे.